गोल म्हणजे काय?
(लहान मुलांना सपाट व भरीव आकारांचे वर्णन करायला शिकविताना)

मराठीत 'गोल' हा शब्द फार कामाचा आहे. भाकरी गोल, लाडू गोल, बांगडी गोल आणि नळाचा पाइपही गोल. मोठ्या माणसांचे त्यावाचून काही अडत नाही, कारण बोलताना ती वस्तू समोर असते. पहिलीत गेलेल्या मुलाच्या वाटेत मात्र हाच शब्द आडवा येतो. भाकरी आणि लाडू यांत फरक आहे हे पाच वर्षांच्या कोणत्याही मुलाला पक्के ठाऊक असते. तो फरक आकाराचा आहे आणि तो शब्दांत सांगता येतो, हे मात्र त्याला कोणी दाखवून दिलेले नसते. पुस्तकात एक वाटोळे चित्र असते. खाली प्रश्न असतो, 'हा कोणता आकार?' मूल म्हणते, 'चेंडू.' बाई म्हणतात, 'वर्तुळ म्हण.' पुढच्या पानावर पुन्हा तसेच वाटोळे चित्र, फक्त थोडी छाया दिलेली. मूल आता शहाणे होऊन म्हणते, 'वर्तुळ.' तर उत्तर असते, 'गोल.' येथे मुलाची चूक काय झाली? कागदावर तर दोन्ही सपाटच होती!

हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही. कळवा-मुंब्र्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्त्यांतून संध्याकाळच्या अभ्यासिकेत जी मुले येतात, त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच किंवा दुसरीच पिढी आहे. कोणाचे वडील गवंडी आहेत, कोणाचे सुतारकाम करतात, कोणाची आई पोळीभाजी केंद्रात दिवसाला शेकड्यांनी पोळ्या लाटते. आकारांचे ज्ञान या घरांत भरपूर आहे, फक्त ते पुस्तकाच्या भाषेत नाही. मुलाला नाव सांगता आले नाही की 'गणितात कच्चा' असा शिक्का बसतो, आणि तो पुढे सहजासहजी निघत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्यांचे प्रश्न येतात. ज्या मुलाने ठोकळा कधी हातात फिरविला नाही, ते अशा प्रश्नांची उत्तरे निव्वळ अंदाजाने लिहिते. म्हणून नाव पाठ करून घेण्याआधी वर्णन करायला कसे शिकवावे, याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. संस्थेचे सभासद, पालक आणि अभ्यासिकेत धाकट्यांना शिकविणारे आपले विद्यार्थी यांना त्याचा उपयोग व्हावा.

पिअरे व्हान हीले आणि डीना व्हान हीले-गेल्डोफ हे हॉलंडमधील शिक्षक जोडपे. भूमिती शिकविताना मुले नेमकी कोठे अडतात याचा अभ्यास करून त्यांनी १९५७ साली आपले प्रबंध सादर केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मूल प्रथम आकार 'दिसण्यावरून' ओळखते. दारासारखा दिसतो म्हणून तो आयत. याच्या पुढची पायरी गुणधर्मांची. याला चार कोपरे आहेत, समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, म्हणून हा आयत. ही दुसरी पायरी वय वाढले म्हणून आपोआप येत नाही, ती शिकण्यातून येते. तिच्याकडे जाण्याचा रस्ता वर्णनातून जातो असे आमचे मत आहे. ज्या वर्गात आकारांची नावे सूर लावून म्हणवून घेतात, पण 'तुला कसे कळले?' असे कधीच विचारीत नाहीत, तेथे मुले पहिल्या पायरीवरच राहतात.

सुरुवात सपाट आकारांनी करावी की भरीव? शाळेचा प्रघात बहुधा सपाटापासूनचा आहे, कारण फळ्यावर तेच काढता येतात. बालशिक्षणातील जुन्या जाणत्यांनी मात्र उलटा क्रम धरला होता. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 'किंडरगार्टन' हे नाव १८४० मध्ये रूढ केले. त्यांच्या साधनांत पहिला येतो चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, आणि त्यानंतर बऱ्याच पुढे सपाट फरशा व काड्या. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतही हाताने चाचपून ओळखायचे भरीव आकार आहेत. मूल पाहते त्याआधी हाताळते, हे दोघांनीही ओळखले होते.

आपल्याकडे ही विचारधारा खेड्यापाड्यांत नेली ती ताराबाई मोडक यांनी. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होती, १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. माँटेसोरीची तयार साधने महाग होती. गावातील मुलांना ती परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधने तयार झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या कल्पनेतून 'अंगणवाडी' आली. आज हा शब्द साऱ्या देशाच्या तोंडी आहे. आकार शिकविण्यासाठी रंगीत प्लॅस्टिकचे संच विकत घ्यावे लागतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

तर मग साधने कोणती? रिकामी काडेपेटी, लिंबू, दोऱ्याचे रीळ, फासा, भोवरा, कॅरमची सोंगटी, टूथपेस्टचा खोका, झाकणाचा डबा. बस्स. ह्या वस्तू एका कापडी पिशवीत घालाव्यात. एका मुलाने आत हात घालून एक वस्तू पकडायची, ती बाहेर न काढता तिचे वर्णन करायचे आणि इतरांनी ओळखायचे. नियम दोनच. वस्तूचे नाव घ्यायचे नाही आणि आकाराचेही नाव घ्यायचे नाही. पहिले दोन-तीन दिवस मुले गोंधळतात, हसतात, 'ते नाही का, आपलं ते…' म्हणून थांबतात. मग शब्द येऊ लागतात. टोकदार, निमुळतं, फुगीर, चपटं, लांबुळकं, गुळगुळीत, खोलगट, पोकळ. हे सगळे घरचे शब्द आहेत आणि यांतील एकही शब्द पुस्तकात नाही म्हणून मोडता घालण्याचे कारण नाही. एका मुलीने सोंगटीविषयी सांगितले, "चपटी आहे ताई, पण कडेने बोट फिरवलं तर कुठं अडतच नाही." वर्तुळाला कोपरा नसतो, हेच तिने आपल्या बोटाच्या अनुभवाने सांगितले. अशा वेळी शिकविणाऱ्याने घाईने 'वर्तुळ' हा शब्द मध्ये घालू नये.

या खेळाचे मर्म ऐकणाऱ्यांत आहे. नुसते 'गोल आहे' असे म्हटले तर समोरची मुले लिंबूही म्हणतात, रीळही म्हणतात आणि सोंगटीही म्हणतात. तेव्हा सांगणाऱ्यालाच कळते की हा शब्द पुरेसा नाही. अधिक नेमका शब्द हवा ही गरज मुलाला स्वतःला वाटली, की मग नवा शब्द त्याला ओझे वाटत नाही.

दुसरा खेळ उताराचा. एक पाट घ्यावा, त्याची एक बाजू दोन-तीन पुस्तकांवर टेकवावी आणि एकेक वस्तू वरून सोडावी. काय घरंगळते आणि काय नुसते घसरते? लिंबू कसेही ठेवा, घरंगळते. काडेपेटी कशीही ठेवा, घसरते किंवा जागेवर बसते. डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर नाही. कागदाचा शंकू, म्हणजे लोकलमध्ये शेंगदाणेवाला करतो तशी पुडी, सपाट जमिनीवर ढकलली तर सरळ जातच नाही, टोकाभोवती फिरत राहते. असे का, हे मुलांनाच विचारावे. 'डब्याला सपाटपण आहे नि वाकडंपण' इतके उत्तर आले तरी भरपूर झाले. मग एकावर एक रचून पाहावे. काय रचता येते, काय गडगडते? डबा दोन्ही परीक्षांना उतरतो, त्यामुळे मुलांना तो फार आवडतो.

आता सपाट आकारांकडे वळायचे. परातीत ओली वाळू पसरावी आणि प्रत्येक वस्तूचा ठसा उमटवावा. काडेपेटीचा आयत उमटतो, फाशाचा चौरस, उभ्या डब्याचे वर्तुळ. तोच डबा आडवा दाबला तर बारीक पट्टी उमटते आणि थोडा लोटला तर आयत! एवढ्या एका खेळात सपाट आणि भरीव यांचे नाते उलगडते. सपाट आकार म्हणजे भरीव वस्तूच्या एका अंगाचा ठसा. समोसा त्रिकोण आहे का, असा वाद मग मुले आपसांत घालतात. समोसा हातात मावतो, त्याला पोट आहे, त्रिकोणाला पोट नसते. समोशाची एक बाजू त्रिकोणी आहे. मुलांच्या तोंडून हे वाक्य आले की समजावे, अर्धा अभ्यासक्रम झाला.

'बाजू' हा शब्द आम्ही आताच वापरला, पण तोही 'गोल'सारखाच अडचणीचा आहे. चौकोनाला चार बाजू, खोक्यालाही 'सहा बाजू', आणि रस्त्याची डावी बाजू. एकाच तासात शिक्षक हा शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि मूल चार म्हणावे की सहा, या विचारात पडते. पुस्तकातील शब्द निश्चित आहेत. भरीव वस्तूच्या सपाट अंगाला पृष्ठ, दोन पृष्ठे मिळतात तेथे कड, कडा मिळतात तेथे शिरोबिंदू. लहानांसाठी आम्ही 'अंग, कड, कोपरा' असे म्हणतो आणि खोका हातात धरून तळव्याने अंग, बोटाने कड व नखाच्या टोकाने कोपरा दाखवायला सांगतो. खोक्याची अंगे सहा, कडा बारा, कोपरे आठ. मोजताना मुले एकच कड दोनदा मोजतात, म्हणून मोजलेल्या कडेवर खडूची रेघ ओढावी.

खोक्यापेक्षाही चांगले साधन म्हणजे वीट. भिवंडी, कल्याण, शहापूर, वसई या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी, वारली व इतर कुटुंबे मुलाबाळांसह तेथे उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. या मुलांची शाळा दर वर्षी मध्येच तुटते. विधायक संसदेने १९९०च्या दशकात वसई भागात भट्टीवरच 'भोंगा शाळा' चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची झोपडी. त्या प्रयोगाचे महत्त्व एवढ्यासाठी की मूल जेथे आहे तेथे शाळा गेली. आकारांच्या बाबतीत तर भट्टीवरील मूल शहरातल्या मुलाच्या पुढे असते. साच्यातून काढलेली ओली वीट प्रथम आडवी सुकते, मग कुशीवर उभी करतात, मग रचतात. म्हणजे एकाच विटेची तीन वेगवेगळी अंगे जमिनीवर टेकलेली त्याने रोज पाहिली आहेत. नऊ इंच लांब, चार रुंद आणि तीन उंच अशी वीट धरली, तर नऊ बाय चारचे, नऊ बाय तीनचे आणि चार बाय तीनचे अशी तीन प्रकारची आयताकार अंगे, प्रत्येकी दोन दोन. पोट सुटलेल्या मोठ्या माणसांनाही हे चटकन सांगता येत नाही!

आता गंमत पाहा. याच आकाराला शाळेत 'इष्टिकाचिती' म्हणतात. शब्द उच्चारतानाच जीभ अडखळते आणि भट्टीवरून आलेले मूल तर घाबरूनच जाते. परंतु संस्कृतात इष्टिका म्हणजे वीट, आपल्या 'वीट' शब्दाचे मूळही तेथेच आहे, आणि चिती म्हणजे रचलेला थर, रास. इष्टिकाचिती म्हणजे विटेसारखी रचना. जी गोष्ट या मुलाच्या आईबापांच्या हातून रोज हजारांनी घडते, तिचेच हे नाव! हे एकदा सांगितले की शब्दाची भीती जाते, वर थोडा अभिमानही वाटतो. शब्द आधी दिला असता तर हे घडले नसते, कारण तेव्हा तो केवळ आवाज राहिला असता.

'वृत्तचिती'चेही तसेच. दंडगोलाला पुस्तकात हे दुसरे नाव आहे. वृत्त म्हणजे वर्तुळ. कॅरमच्या सोंगट्या एकावर एक रचत जाव्यात. एक सोंगटी पाहून मुले 'वर्तुळ' म्हणतात. पाच रचल्या की थांबतात. दहा रचल्या की 'डबा झाला' म्हणतात. वर्तुळे रचून झालेली चिती ती वृत्तचिती. मग एकट्या सोंगटीकडे पुन्हा पाहावे. तिलाही जाडी आहे, म्हणजे तीही ठेंगणी वृत्तचितीच की! येथे हुशार मुले विचारतात, मग कागदाला जाडी नाही का? आहे, आणि हा प्रश्न फार मोठा आहे. 'खरा सपाट आकार आपण मनात धरतो, कागद त्याच्या जवळ जातो' एवढे सांगून थांबावे. इंग्रजी माध्यमातील मुले 'सिलिंडर' म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे घरचा गॅस असतो. तो मात्र खाली-वर फुगीर असतो, नेमका वृत्तचिती नसतो, हेही त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.

विटेवरून आणखी एक आठवले. नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्या वाचकांना परिचित आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तेथे उत्खनन केले आणि आत दगडी करंडक व त्यात एकात एक ठेवलेल्या लहान लहान डब्या मिळाल्या. तो स्तूप विटांचा आहे. वर्णनाच्या दृष्टीने स्तूप हा संयुक्त आकार आहे. खाली ठेंगण्या दंडगोलासारखी मेढी, तिच्यावर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका, वर छत्र. सहलीला गेलेल्या किंवा चित्र पाहणाऱ्या मुलांना विचारावे, विटेची सगळी अंगे सपाट असताना तिच्यापासून गोलाई कशी आली? काड्यापेट्या घेऊन मुलांनीच गोल भिंत रचून पाहावी. फटी पडतात, बाहेरच्या बाजूला जास्त, आतल्या बाजूला कमी. त्या फटी कशाने भरल्या असतील, हे गवंड्याचा मुलगा लगेच सांगतो.

त्रिकोण-चौकोनांच्या बाबतीत मुख्य अडचण मांडणीची. पुस्तकात त्रिकोण नेहमी पायावर उभा आणि तिन्ही बाजू सारख्या. त्यामुळे तो उलटा धरला की मुले 'उलटा त्रिकोण' म्हणतात, आणि लांबट, कललेला त्रिकोण दाखविला तर 'हा त्रिकोण नाही' म्हणतात. वारली चित्रातील माणूस येथे उत्तम गुरू आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, वरचा उलटा, खालचा सुलटा, आणि दोन्ही मिळून एकच धड. तसेच चौरसाचा पुठ्ठा तिरका धरला की मुले त्याला शंकरपाळी म्हणतात. मुलांच्या देखत तो पुठ्ठा हळूहळू फिरवावा आणि विचारावे, आता याचा कोपरा कमी झाला का? बाजू आखूड झाली का? मग नाव का बदलले? कोपरा सरळ आहे की नाही हे तपासायला गवंडी-सुतारांचा गुण्या असतो. मुलांसाठी कागदाची दोनदा घडी घालून नेमका कोपरा करून द्यावा, तोच त्यांचा गुण्या. वर्गातील फळा, खिडकी, वही या सगळ्यांना तो लावून पाहण्यात दोन संध्याकाळी मजेत जातात. एक काळजी घ्यावी. 'चौरस वेगळा, आयत वेगळा' असे ठासून शिकवू नये. सर्व कोपरे सरळ असलेला तो आयत, आणि त्यातही सर्व बाजू सारख्या असल्या की तो चौरस. लहानपणी केलेली ताटातूट पुढे आठवी-नववीत जुळवताना फार त्रास होतो.

शेवटी सांगाड्यांविषयी. फ्रोबेलच्या साधनांत भिजविलेले वाटाणे आणि काड्या आहेत, आणि आपल्याकडे खराट्याच्या हिरांना तोटा नाही. सारख्या लांबीचे हीर कापून वाटाण्यात खोचले की कडा व कोपरे तयार. चार हीर आणि चार वाटाणे घेऊन चौरस करावा. तो हाताने दाबला की लगेच कलतो. तीन हीर व तीन वाटाणे यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. कलणाऱ्या चौरसात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवा हीर बसविला की तोही ताठ होतो. त्यासाठी हीर थोडा लांब घ्यावा लागतो. का, हे मुलांना शोधू द्यावे. पत्र्याच्या छपराखालची कैची दाखवून तेथे त्रिकोण का असतात असे विचारले, तर उत्तर आता मुलांच्या हातात असते. घनासाठी बारा हीर व आठ वाटाणे लागतात. किती लागतील ते मुलांनी आधी सांगावे, मग मागून घ्यावेत. कमी पडले तर ती स्वतःच पुन्हा मोजतात.

वाटाणे सकाळी भिजत घालावेत, म्हणजे संध्याकाळच्या वर्गापर्यंत पुरेसे मऊ होतात. तीन वर्षांखालील भावंडे बरोबर येत असतील तर त्यांच्या हाती वाटाणे, सोंगट्या किंवा गोट्या पडू देऊ नयेत, ती तोंडात घालतात. सांगाडे दोन दिवसांत सुकून चांगले घट्ट होतात आणि खिळ्याला दोऱ्याने टांगून ठेवता येतात. कपाटात ठेवू नयेत, उंदीर वाटाणे खातात आणि सकाळी नुसते हीर उरतात.